एका पायाची चप्पल

मरण चुकवायला माणसं काय काय करतात. मी मात्र एकदा शिव्या चुकवायला मरणाच्या वाटेनं निघाले होते. तेही मे महिन्यात, भर दुपारी, नायलॉनची साडी नेसून आणि टाचेची सँडल घालून. वय चोवीस, शिक्षण बी.ए., माहेर परभणी. परभणीची मुलगी पालम तालुक्यातल्या खेड्यात दिली, म्हणजे त्या खेड्यानं जन्मभर माझे उपकार मानावेत अशी माझी प्रामाणिक समजूत होती. खेड्याला हे कुणी कळवलं नव्हतं, एवढंच.

ज्या बाईच्या शिव्या चुकवायच्या होत्या, ती सोजरमावशी.

आमचं गाव आत आणि एसटीचा फाटा बाहेर. मधे पाऊण किलोमीटरची सडक, दोन्ही बाजूंनी काळी वावरं, आणि सावलीच्या नावानं एखादा विजेचा खांब. गावातलं शेवटचं घर सोजरमावशीचं. घरापुढं थोरला लिंब, लिंबाखाली जमिनीत अर्धे पुरलेले दोन रांजण, आणि रांजणाशेजारी बाज. त्या बाजेवर पाडव्यापासून मिरगापर्यंत, सकाळी ऊन तापायला लागलं की दिवस कलेपर्यंत, सोजरमावशी बसलेली. फाट्यावर जायचं तर तिच्यापुढूनच जावं लागे. जकात नाक्यावरून गाडी सुटली असती, सोजरमावशीच्या हातून माणूस सुटत नसे.

"कुठं चाललास रे?"

"फाट्यावर, मावशी."

"डोस्क्याला काय हाय? टावेल कुठंय?"

"हाय की, पिशवीत."

"मग पिशवीला ऊन लागायलंय का तुला? काढ भायेर. बस हितं. चप्पल दे."

ही चप्पल हीच मावशीची खरी करामत. ती एकच चप्पल मागायची. जोड कधी घेतला नाही. घेतली की बाजेखाली सरकवायची आणि वर ऐसपैस बसायची. मे महिन्यातल्या सडकेवर एका चपलेनं माणूस लंगडी घालत किती लांब जाणार? मग तो मुकाट्यानं बसायचा. तांब्याभर पाणी प्यायचा, वर शिव्या ऐकायचा, टॉवेल भिजवून डोक्याला गुंडाळायचा. दूर सडकेवर एसटीचा धुरळा दिसला की चप्पल परत. मी एकदा विचारलं, "मावशी, दोन्ही का नाही घेत?" तर म्हणाली, "दोन घेतल्या तर चोरी व्हती. एकीला कुणी चोरी म्हनत न्हाई." कायद्याचं एवढं बारीक ज्ञान मला बी.ए.ला कुणी शिकवलं नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल, केवढी पुण्यवान बाई! तर तसं काही नाही. निम्मी पाणपोई आणि निम्मी चौकी असा तो कारभार होता. पाणी पिता पिता माणसाकडून ती सगळं काढून घ्यायची. कुणाची पोर नांदायला जात नाही, कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं, कुणाची सोयरीक कुठं मोडली. तांब्या रिकामा होईपर्यंत माणूसही रिकामा व्हायचा. गावात तार येण्याआधी मावशीकडं बातमी असे. मी तेव्हा आमच्या ह्यांना म्हणायची, "धर्म चार आणे आणि चौकशा बारा आणे." आमचे हे गावच्या शाळेत मास्तर. स्वभाव गरीब. ते म्हणायचे, "अगं, पण पाणी गार असतं."

पाणी गार असे हे खरं. दर पाडव्याला मावशी गंगाखेडच्या बाजारातून नवे रांजण आणवायची. जुना रांजण झिरपायचा थांबतो, मग त्यातलं पाणी कोमट लागतं, असं तिचं म्हणणं. सुनेला लुगडं घ्यायला तिचा हात धजत नसे, रांजणाला मात्र लगेच सैल सुटायचा. हे मी म्हणत नाही, तिची सून म्हणायची.

स्वतः मावशी उन्हात पाऊल टाकत नसे. लोकांना भित्री वाटे. तीही नाकारत नसे. "मी हायेच भित्री. भित्री बाई म्हातारी व्हती, धीट बाईचा फोटू व्हतो." वावरात खुरपायला जाणाऱ्या बायांना ती सकाळी दिवस उगवायच्या आत हाकलायची आणि ऊन वर आलं की माघारी बोलवायची. नाही आल्या तर बांधावर येऊन नव्हे, बाजेवर बसूनच अशी हाक मारायची की तिसऱ्या वावरातले बैल मान वर करत. वावरातून आलेल्या बायांना पाण्याच्या आधी मीठ घातलेलं ताक. आमच्यासारख्या नुसत्या नटून चाललेल्यांना नुसतं पाणी. ताक घामाचं, म्हणे.

मला वाटायचं, हिच्या मागं काहीतरी दुःख असणार. कुणीतरी जवळचं उन्हानं गेलं असणार, म्हणून ही अशी. परभणीच्या वाचनालयातली सगळी पुस्तकं वाचून झालेली होती माझी. एके दिवशी फार हळव्या आवाजात विचारलं, "मावशी, तुमचे मालक... उन्हात गेले का हो?"

"न्हाई गं माय. हिवाळ्यात गेला. दोन भाकरी वांग्यासंग खाऊन निजला, उठलाच न्हाई. लय सुखात गेला."

"मग हे सगळं कामून करता?"

"घरात सून हाय. भायेर बसलेलं बरं."

झालं! माझी कादंबरी पहिल्याच पानावर संपली.

तिचं सगळंच शहाणपणाचं होतं असंही कुणी समजू नये. कमरेला ओच्यात ती कायम एक कांदा बाळगायची. कांदा ऊन ओढून घेतो, हा तिचा सिद्धान्त. दिवसभर ऊन ओढलेला तो कांदा रात्री बुक्कीनं फोडून ती भाकरीबरोबर खायची. मी विचारलं, "मग ते ओढलेलं ऊन आता तुमच्या पोटात गेलं की, मावशी?" यावर तिनं मला जी शिवी दिली ती माझ्या सासूबाईंनाही नवीन होती.

एकदा फाट्यावर बसथांबा झाला. लोकांना सावली मिळावी म्हणून पत्र्याचं छत. त्याचं उद्घाटन करायला एक मोठे पुढारी यायचे होते, आणि सावलीच्या उद्घाटनाला लोकांनी उन्हात उभं राहायचं होतं. वेळ बाराची. आमच्या ह्यांना वरून हुकूम आला: मुलं लेझीम घेऊन हजर पाहिजेत. हे निघाले. पुढं हे, मागं दोन-दोनच्या रांगेत पोरं, हातात लेझीम, काहींच्या डोक्याला टोप्या, बऱ्याचशा डोक्यांना नुसतं तेल.

लिंबाखाली रांग अडली.

"मास्तर, काय वाळू घालायला चाललास का लेकरं? पापड हायेत का ते?"

"मावशी, सरकारी काम आहे. सोडा."

"सरकार येऊ दे की आधी. आलं का सरकार? धुरळा दिसंना मला तर."

"वेळेवर हजर राहायचा हुकूम आहे हो!"

"तुला हाय. लेकरांला कुनी केलाय? चला रे, एक-एक चप्पल!"

पोरांना काय, खेळच सापडला. भराभरा एकेक चप्पल काढून बाजेखाली ढीग लागला. ज्यांच्या पायात चपलाच नव्हत्या त्यांना मावशीनं आधीच सावलीत ओढलं होतं. आमचे हे एकटे फाट्यावर गेले, पुढाऱ्यांच्या माणसांच्या शिव्या खाल्ल्या, माघारी आले, मावशीच्या शिव्या खाल्ल्या. पुढारी आले ते ऊन उतरल्यावर. धुरळा दिसताच मावशी ओरडली, "पळा आता!" आणि चपलांच्या ढिगावर पोरं तुटून पडली. जी हाताला लागली ती पायात. एका पायात आपली, दुसऱ्यात दुसऱ्याची, कुणाच्या दोन्ही डाव्या. अशा पायांनी ती लेझीम झाली. पुढाऱ्यांनी भाषणात "ग्रामीण भागातील अनवाणी वास्तव" असं काहीतरी म्हटलं. त्या बसथांब्याच्या पत्र्याखाली पुढं कुणी बसलं नाही, कारण दुपारी तिथं भाकरी भाजून निघाली असती. नावाची फरशी मात्र अजून आहे. सावली जेवढी पडते तिच्याहून ती मोठी आहे.

त्या गोंधळात काही चपला बेवारस राहिल्या. त्या मावशीनं बाजेखालीच, एसटीच्या घाईत कुणी गडी विसरून गेलेल्या वहाणेशेजारी ठेवून दिल्या. हे लक्षात ठेवा.

आता माझ्यावर येते.

माझ्या मावसबहिणीचं लग्न गंगाखेडला. हे सामान घेऊन आदल्या दिवशीच गेलेले, सासूबाई आठवड्याभरासाठी लेकीकडे. मी दुपारच्या एसटीनं जाणार. मी काय तयारी केली होती ती ऐका. गुलाबी नायलॉनची साडी, हवेचा एक कण आत जाणार नाही अशी. केसांचा वर फुगा, त्यामुळे डोक्यावर पदर नाही, पदरानं फुगा बसतो. डोळ्यांवर काळा गॉगल. सकाळपासून पोटात काही नाही, लग्नाचं जेवायचं होतं. आणि पाणी? पाणी तर कालपासूनच तोडलेलं.

का, ते बायकांना सांगायची गरज नाही. पुरुषांसाठी सांगते. एसटीत तासभर, स्टँडवर आणखी किती कोण जाणे, आणि स्टँडवरच्या त्या कोपऱ्यात नाक धरूनसुद्धा जाता येत नाही. म्हणून आम्ही बायका प्रवासाच्या आदल्या दिवसापासून उंटीण होतो. हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं घरामागं पोत्यांचा आडोसा करून न्हाणी बांधली होती आणि प्रत्येक बाईला सांगायची, "पानी पेय, आन् जायाचं असंल तर मागं जाऊन ये. लाजायलीस कामून? समद्यांलाच पोट हाय." आता, गुलाबी साडी नेसून, गॉगल लावून मी पोत्यांच्या आडोशाला जाणार? त्यापेक्षा मी मावशीलाच टाळायचं ठरवलं. गावाच्या मागून ओढा जातो, तो वळसा घेऊन फाट्याशी निघतो. वाट तिप्पट, पण मावशी नाही. मला माझ्या हुशारीचं एवढं कौतुक वाटलं की मी मनात हसत निघाले.

ओढा उन्हाळ्यात कोरडा ठाक. तळाला वाळू, दोन्ही काठ उंच, म्हणजे वाराही नाही. टाच वाळूत रुतायची, काढली की दुसरी रुतायची. पहिल्यांदा खूप घाम आला. मग घाम यायचा थांबला, आणि मला वाटलं, चला, सवय झाली! शहाणी मी. घाम थांबतो तेव्हा माणूस संपत आलेला असतो, हे कळायला बी.ए. पुरत नाही. डोकं ठणकायला लागलं, जीभ टाळ्याला चिकटली. पुढं दोन-दोन बाभळी दिसायला लागल्या. एकीखाली बसावं म्हणून मी जी नव्हती तिच्याखाली बसले.

इकडं लिंबाखाली काय झालं ते मला नंतर समजलं. मास्तराची बायको दुपारच्या गाडीनं गंगाखेडला जाणार, ही बातमी मावशीकडं दोन दिवस आधीपासून होती. कुठली साडी नेसणार हेही होतं. एसटी आली, फाट्यावर थांबली, निघून गेली. सपाट रान, लिंबाखालून एसटीत चढणारं माणूस न् माणूस दिसतं. गुलाबी काही चढलं नाही. आणि तिच्यापुढून तर मी गेलेच नव्हते. तिनं सुनेला माझ्या घराकडं पिटाळलं. सून परत आली: घराला कुलूप. ज्या चौकशांना मी बारा आणे म्हणून हसत होते, त्या बारा आण्यांत त्या दिवशी माझा जीव बसला.

"ओढ्यानं गेली टवळी," मावशी म्हणाली आणि उठली.

जी बाई उन्हात पाऊल टाकत नव्हती, ती उठली. तिच्या स्वतःच्या चपला घरात कुठंतरी होत्या. बाजेखाली हात घातला, लागल्या त्या घातल्या, काखेत घागर घेतली आणि ओढ्यात उतरली. जाता जाता त्या सुप्रसिद्ध आवाजात शेजारच्या वावरातल्या गाडीवाल्याला हाक मारून.

मी डोळे उघडले तेव्हा मला आधी पायच दिसले. एका पायात गड्याची नालाची मोठी वहाण, दुसऱ्यात शाळेतल्या पोरीची पिवळी रबरी चप्पल, तीही अर्ध्या पावलापुरती. मला वाटलं, यमदूत असेच येत असतील, घाईघाईत. मग वरून पाणी पडलं. डोक्यावर, मानेवर, काखेत, साडीवर, सगळी घागर. मला खऱ्या बाभळीखाली ओढलेलं होतं. मावशी भिजवलेल्या पदरानं माझं अंग पुसत होती, पिवळी चप्पल काढून तिनंच वारा घालत होती आणि तोंडाचा पट्टा चालू होता. मी नीट शुद्धीवर येऊन तिला ओळखेपर्यंत तोंडात थेंब घातला नाही. मधे एकदा नाकाशी कांदा धरला, तो मीच ढकलला. "ढकलायली! हाय जीव!" ती गाडीवाल्याला ओरडली.

बैलगाडीतून फाट्यावर, तिथून जीपनं पालमच्या दवाखान्यात. वाटेत भिजवलेला पदर काही तिनं कोरडा होऊ दिला नाही. डॉक्टरांनी सलाईन लावलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, म्हणाले. अंगावर पाणी घालून वारा घातला आणि इथं आणलं, त्यानं वाचली. मावशीनं ओच्यातला कांदा पुढं केला, "आन् ह्यानं?" डॉक्टर म्हणाले, "तो भाजीत घाला, आजी." मावशीनं डॉक्टरांचं शिक्षण त्या क्षणी रद्द केलं.

माझा केसांचा फुगा बसला होता. गॉगल ओढ्यात गेला, तो पुढं गाडीवाल्याच्या वावरातल्या बुजगावण्याला लावलेला मी ओळखला. मावशी खाटेच्या कडेला बसली होती, त्या दोन चपलांतच. मी रडायला लागले. म्हटलं, "तुमच्या शिव्यांना भ्याले, मावशी."

"शिव्यानं कुनी मेलेलं ऐकलंस का आजवर?" ती म्हणाली. "आता रडू नको. आंगातलं पानी जातंय."

पुढं गावात मोटारसायकली आल्या. चप्पल काढून घेऊन माणूस थांबेना, मग मावशी चावी मागायला लागली. काही द्यायचे, काही हसून निघून जायचे. लिंब होता, रांजण होते, बाज होती, थांबणारे कमी झाले. आता तर फोनवरच इशारा येतो, दुपारी घराबाहेर पडू नका. तो वाचायला माझा नातू भर दुपारी अंगणात जातो, कारण घरात रेंज नाही. मी त्याच्या गाडीची चावी डाळीच्या डब्यात ठेवते. त्याला वाटतं, आजीला विसरायला होतंय.

मावशी गेली तीही मे महिन्यातच, म्हणजे गावातून गेली. मुलगा पुण्याकडं कारखान्यात लागलेला. सून-लेकरं आधीच नेली होती, आता आईला न्यायला आला. दुपारचीच एसटी. सगळं गाव लिंबाखाली जमलं. मावशी बाजेवर बसलेली, नवं लुगडं, ओच्यात कांद्याचा उंचवटा. इतकी बारीक झाली होती की बाजेची सुंबंसुद्धा खाली दबत नव्हती. माझेही केस तोवर पांढरे व्हायला लागले होते. मुलानं तांब्या पुढं केला, तिनं मान फिरवली.

"सकाळपासून नाही पीत," मुलगा म्हणाला. "कालपासून म्हटलं तरी चालेल."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मग हळूच, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाली, "इतक्या लांबची गाडी. मधीच लागली तर कुठं जाऊ मी, ह्या वयात? लेकाला सांगू का?"

आणि ही ती बाई, जिनं गावातल्या प्रत्येक बाईला पोत्यांच्या आडोशाला पाठवलं होतं!

मी खाली वाकले, तिच्या डाव्या पायातली चप्पल काढली आणि पदराखाली धरून बाजेवर तिच्याशेजारी बसले.

"दे की गं."

"आधी तांब्या."

"गाडी जाईल."

"जाऊ द्या. दुसरी येती. मागं न्हाणी आहे, जाऊन या. गंगाखेडच्या स्टँडवर मुलगा गाडी थांबवून धरील, मी सांगते त्याला. परभणीलाही धरील. लाजायलीस कामून? सगळ्यांनाच पोट आहे."

पहिल्यांदाच मी तिला एकेरी बोलले. बायका खुसखुसल्या. मुलगा खाली बघायला लागला. मावशीनं मला तिच्या ठेवणीतल्या शिव्यांपैकी बऱ्याचशा दिल्या. मी सगळ्या घेतल्या, चप्पल दिली नाही. शेवटी तिनं मुलाच्या हातातून तांब्या ओढला आणि घटाघटा प्याली. मग सुंबाला हात टेकत उठली आणि एका चपलेनं लंगडत न्हाणीकडं गेली. परत आली. दूर धुरळा दिसत होता. मी चप्पल तिच्या पायात घातली, तिचा पदर भिजवून तिच्या डोक्यावरून घेतला. वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, गळ्यात पडेल. माझ्यातली ती परभणीची वाचनालयवाली अजून मेली नव्हती. मावशी पुन्हा त्या गावात आली नाही, आणि मी तिला पुन्हा बघितलं नाही.

तिनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं, रांजणाकडं बघितलं आणि म्हणाली, "पानी कोमट हाय गं. पाडव्याला नवा आन, अन् दुसऱ्या कुनाला नको सांगू, तू सोता वाजवून घेय."